बोद्रुमची पायी प्रदक्षिणा : साहित्य आणि कृती

प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक पायी पाहायचे असेल, तर तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या बोद्रुमला जावे. आश्चर्य तिथे नाही. पण ते कुठे कुठे गेले, हे गाइडविना हुडकण्याची कृती सोपी आहे.

साहित्य : टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या, जाड तळव्याच्या चपला आणि मराठी भाषा. फारसी-अरबीच्या कृपेने तिथल्या पाट्यांवरचे बरेच शब्द मराठी माणसाला दूरच्या नातेवाइकांसारखे भेटतात. ‘मेयदान’, ‘पाझार’, ‘दुक्क्यान’ यांची ओळख करून द्यावी लागत नाही. ‘काले’ म्हणजे किल्ला. ‘दिक्कत’ अशी पाटी दिसली तर मात्र मागे फिरू नये. ‘लक्ष द्या’ एवढाच तिचा अर्थ. दुर्लक्ष करून पुढे गेल्यावर जी येते, ती आपली.

सुरुवात खड्ड्यापासून करावी. मॉसोलस हा कारियाचा राजा, कागदोपत्री इराणी सम्राटाचा सुभेदार. त्याने राजधानी इथे, म्हणजे तेव्हाच्या हालिकार्नाससला आणली आणि आसपासच्या लेलेग लोकांच्या गावांतली माणसे उठवून शहरात वसवली. इ.स.पू. ३५३ मध्ये तो वारला. त्याची बायको आर्टेमिसिया, जी त्याची सख्खी बहीणही होती, ती त्याची राख पाण्यात कालवून प्याली अशी आख्यायिका आहे. त्याची कबर, म्हणजेच ते आश्चर्य, सुमारे ४५ मीटर उंच होती, आणि तिच्यामुळे युरोपीय भाषांना भव्य थडग्यासाठी ‘मॉसोलियम’ हा शब्द मिळाला. आज तिथे पाया, काही खांबांचे तुकडे आणि गवत आहे. काठावर उभे राहून चेहरा गंभीर ठेवावा. फोटोत खड्डाच येतो. त्याला इलाज नाही.

मग उतार धरून बंदराकडे, किल्ल्याशी यावे. कबर भूकंपांनी आधीच पाडली होती. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट जॉनच्या सरदारांनी इथे किल्ला बांधायला घेतला, आणि आयते घडवलेले दगड समोर पडलेले असताना खाणीपर्यंत जातो कोण? हिरवट दगड तटात गेले, कोरीव पट्ट्याही भिंतीत बसल्या, संगमरवर भट्टीत भाजून त्याचा चुना झाला. १५२२ साली तट आणखी मजबूत करायला पुन्हा तिथलेच दगड आणले. त्याच वर्षी सुलतान सुलेमानने सरदारांचे मुख्य ठाणे असलेले ऱ्होड्स बेट घेतले आणि त्यांना हा किल्लाही सोडावा लागला. तेव्हा प्रवाशाने तटावरून हात फिरवावा आणि आपण आश्चर्याला शिवलो, असे घरी सांगावे. ते खोटे ठरणार नाही.

किल्ल्याच्या आत पाण्याखालच्या पुरातत्त्वाचे संग्रहालय आहे. इथे घाई केली तर प्रदक्षिणा फुकट. १९८२ साली स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याने समुद्रतळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ पाहिल्याचे सांगितले. त्या तांब्याच्या लाद्या निघाल्या. उलुबुरुनजवळचे हे जहाज इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडाले होते. त्यात सुमारे १० टन तांबे आणि १ टन कथील होते, म्हणजे काशाचे ठरलेले प्रमाणच. शिवाय नेफरतितीचे नाव कोरलेला सोन्याचा भुंगा. १९८४ ते १९९४ या काळात पाणबुड्यांनी २२ हजारांहून जास्त बुड्या मारून हे सारे वर काढले. फ्लॅटच्या तळघरात सामान ठेवून विसरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. तुर्कीत ‘बोद्रुम’ या शब्दाचा अर्थही तळघरच. गावाचे नाव मात्र संत पीटरच्या किल्ल्यावरून पडले असे मानतात.

किल्ल्यातून निघून पश्चिमेची नेयझेन तेवफिक वाट धरावी. हा बासरीवाला विडंबनकवी १८७९ साली इथेच जन्मला, त्यामुळे या रस्त्यावर कुणी आपली थट्टा केली तर परंपरा म्हणून सोडून द्यावे. शिडांच्या गुलेत नावा मोजत चालावे. पुढचा मिंदोस दरवाजा दमलेल्यांनी वगळला तरी चालेल, इ.स.पू. ३३४ मध्ये अलेक्झांडरने या शहराला वेढा घातला होता, एवढे लक्षात ठेवले की पुरे. टेकडीवरचे थिएटर मात्र वगळू नये. पायऱ्यांवर बसले की किल्ला आणि दोन्ही उपसागर एकदम दिसतात. हमरस्त्याचा आवाज संगीत समजावा.

लेखक जेवात शाकिर यांना १९२५ साली शिक्षा म्हणून या गावी धाडले होते. शिक्षा संपल्यावर ते आपण होऊन परत आले, ‘हालिकार्नाससचा कोळी’ या नावाने लिहू लागले आणि त्यांच्या नावेतल्या सफरींनी ‘निळा प्रवास’ ही कल्पना रूढ केली. चालून पाय दुखत असतील, तर पुढची सोय त्यांनी केलेली आहे.

प्रदक्षिणा अजून पुरी झालेली नाही. १८५६ पासून चार्ल्स न्यूटनने खोदकाम करून कबरीवरच्या रथाच्या घोड्याचे प्रचंड तुकडे आणि पुतळे लंडनला नेले. किल्ल्याच्या भिंतीतल्या कोरीव पट्ट्या त्याआधीच तिकडे पोहोचल्या होत्या. तेव्हा शेवटचा टप्पा ब्रिटिश म्युझियमचा. प्रवेश फुकट आहे. चपला त्याच चालतील, टोपी आत काढावी.