तुमचे घड्याळ मागे आहे

संकेतस्थळ उघडताना लाल त्रिकोण आला आणि त्याखाली ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असं उमटलं, तर प्रथम ओरडू नये. ओरडल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर साताऱ्यात वायरमनवर ओरडायची पद्धत आहे आणि सांगलीत साताऱ्याच्या भाच्यावर. वायरमनचा या प्रकरणाशी काही संबंध नसतो. भाचा म्हणजे प्रस्तुत लेखक, त्याचाही नसतो.

आत्याचा संगणक 2019 च्या ऑगस्टात माळ्यावर चढला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा घरातलं जे जे उचलता आलं ते वर गेलं. पाणी उतरलं, संगणक उतरायचा राहिला. तो उतरला परवा, सातबारा काढायच्या निमित्तानं. मग फोन.

“आरं, ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ म्हणतंय.”

“मग बघ की आत्या.”

“बघितलं. भिंतीवरचं बरोबर चाललंय. उलट पाच मिनिटं पुढं ठेवलंय, एसटी चुकू नये म्हणून.”

तेव्हा पहिला विधी हा: घड्याळ पाहावं, पण भिंतीवरचं नव्हे, पडद्याच्या कोपऱ्यातलं. तारीख बघावी, सालही बघावं. आत्याच्या यंत्रात अजून 2012 ची संक्रांत व्हायची होती. आत सीआर 2032 नावाची, रुपयाच्या नाण्यासारखी, 3 व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की यंत्र बंद असताना काळ मोजणारं कोणी राहत नाही. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, कित्येकदा जेमतेम 90 दिवसांची. 2012 त बसलेल्या ब्राउझरला ते कसं दिसावं? अजून जन्माला न आलेल्या पोराचा शाळा सोडल्याचा दाखला!

मुळात प्रमाणपत्र म्हणजे काय, हे तरी साताऱ्याच्या माणसाला शिकवावं लागू नये. शाहू महाराजांचा राज्याभिषेक 1708 मध्ये इथंच झाला. त्या काळच्या कागदांवर वर शिक्का, आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. पत्र कोणाचं ते शिक्का सांगे. मोर्तबाच्या पुढं कोणी ओळ घुसडली तर ती आपली नव्हे. ब्राउझर एवढंच तपासतो. फक्त त्याला दफ्तरदार साइटचा स्वतःचा चालत नाही, भरवशाचा त्रयस्थ लागतो.

दुसरा विधी वायफायचा. हायवेवरच्या हॉटेलातलं फुकट वायफाय असेल, तर आधी त्यांचं लॉगिनचं पान उघडून नंबर द्यावा. तोवर प्रत्येक सुरक्षित साइटच्या वाटेत तेच आडवे येतात आणि ब्राउझर बिचारा दरोडा पडल्यासारखा ओरडतो.

घड्याळ बरोबर, वायफाय घरचं, आणि तरी बँकेच्या पानावर त्रिकोण? मग ‘प्रगत’ दाबून ‘तरीही पुढे जा’ म्हणण्याचा मर्दपणा करू नये. शिक्के खोटेही निघतात. जुलै 2014 मध्ये सरकारच्याच एनआयसी या संगणक संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून चक्क गुगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं बाहेर पडल्याचं उघड झालं होतं आणि ती रद्द करावी लागली. अशा वेळी पान बंद करावं. भडंग खावं. बँकेत चालत जावं.

आत्यानं घड्याळवाल्याकडून बॅटरी बसवून आणली. वेळ आपोआप जुळवण्याचं बटण मी फोनवरून चालू करायला लावलं, ते तिनं संध्याकाळी बंद केलं. आता संगणकही पाच मिनिटं पुढं आहे. ब्राउझरनं अजून तक्रार केलेली नाही.