इंदूरच्या लालबागेतल्या अज्ञात शिल्पकारास



आपलं नाव ठाऊक आहे, पत्ता नाही. म्हणून हे खुलं पत्र. रविवारी आम्ही मित्रमंडळी सकाळी पोहे-जिलबी हाणून लालबाग पाहायला निघालो. राजवाडा, हिरवळ, गुलाब असा बेत होता. पण डेरेदार झाडाच्या खोडावर आपलं नाव दिसलं, वीतभर अक्षरांत, बदामासकट! शेजारी तिचंही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका घाईत झाल्या असणार.

लोक उगाच हा राजवाडा बांधणाऱ्या होळकरांचं कौतुक करतात. 1886 ला सुरू झालेला हा वाडा तुकोजीराव तिसऱ्यांच्या कारकिर्दीत, 1921 साली पुरा झाला. बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवरचं फाटक इंग्लंडहून मागवलं, खान नदीपलीकडच्या मुदपाकखान्यातून ताटं यावीत म्हणून भुयार खणलं. केवढा हा खटाटोप! आपण घराच्या किल्लीवर दहा मिनिटांत अमर झालात.

झाड वाढेल तसं नाव उंच जाईल, अशी आशा असेल तर मात्र सोडा. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. आपण आहात तिथेच राहाल, फक्त आडवे सुटाल. शिवाय पानांनी रांधलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. ती वाट आपण कापलीत आणि कीड-बुरशीला दार उघडून दिलंत. खोडाभोवती साल पूर्ण कापली गेली की मुळं उपाशी मरतात. चिंता नसावी, आपल्या शेजारी आणखी तीन जोडप्यांनी हजेरी लावली आहे; वर्तुळ लवकरच पुरं होईल.

2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं हे शहर. केळीची साल कुठल्या डब्यात टाकायची, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. आपणही वेफर्सचा रिकामा पुडा इमानाने डब्यातच टाकला असणार. झाडाची साल कुठल्या डब्यात जाते, तेवढं कुणी शिकवलेलं दिसत नाही.

तेव्हा एक नम्र विनंती. पुढच्या खेपेला प्रेम अनावर झालं, तर तीच किल्ली घेऊन थेट तिच्या घरी जा आणि दारावर नाव कोरा. सागवानी दार झाडाहून गुळगुळीत असतं, आणि तिच्या वडिलांकडून दाद जागच्या जागी मिळेल.

आपला,
एक इंदूरकर