वर्षाचा कपडेखर्च : मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

कपड्यांवर वर्षाला किती खर्च होतो, असे विचारले की मराठी घरात एकच उत्तर मिळते : “फार नाही हो.” हे उत्तर बरोबरच आहे, फक्त त्याला आकड्यांचा आधार नसतो. उत्तर न बदलता हा आधार कसा पुरवावा, हे गृहस्थ व गृहिणींना समजावे म्हणून ही मार्गदर्शिका.

सुरुवातीला सरकारी पद्धत पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची माणसे घरोघरी जाऊन खर्चाची चौकशी करतात. भाजीपाल्यासाठी मागच्या सात दिवसांचा खर्च विचारतात, कपड्यांसाठी मागच्या ३६५ दिवसांचा. मेथीची जुडी दर आठवड्याला येते, शर्ट येत नाही, असा त्यामागचा विचार. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ च्या पाहणीत शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला, ग्रामीण माणसाचा ४,१२२. त्यातला सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपासचा वाटा कपडे, अंथरूण-पांघरूण आणि चपला-बूट यांचा. म्हणजे शहरात माणशी वर्षाला पाच हजारांच्या घरात. सोलापुरी चादर धरून.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा दादरला हिंदमातापाशी उभे राहून हा आकडा आठवला, तर कोणीही चक्रावेल. चक्रावू नये. ज्यांनी वर्षभर काहीच घेतले नाही असे लोकही सरासरीत धरलेले असतात. आपण त्यांच्यापैकीच आहोत हे वहीत सिद्ध करायचे, एवढेच काम आता उरते.

पायरी १ : व्याख्या आवळून घ्यावी

हिशेब फसतो तो सैल व्याख्येमुळे. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे : कपडे म्हणजे स्वतःसाठी, स्वतःच्या मनाने आणि काहीही निमित्त नसताना विकत घेतलेले वस्त्र. या चाळणीतून जे खाली पडणार नाही, ते दुसऱ्या खात्यात टाकावे.

मुलांचा गणवेश शिक्षणात जातो. तो वाढत्या अंगाचा घेतल्यामुळे निम्मा यंदाच्या आणि निम्मा पुढच्या वर्षाच्या शिक्षणात दाखवता येतो. पायाशी दुमडून ठेवलेले दोन इंच कापड हा त्याचा पुरावा. रेनकोट आपत्ती व्यवस्थापनात. ऑफिसचे शर्ट नोकरीच्या खर्चात, कारण नोकरी नसती तर आपण बनियनवर सुखी होतो.

पुरुषवर्गाने येथे विशेष लक्ष द्यावे. “मी काय, वर्षाला दोन शर्ट घेतो,” हे त्यांचे विधान टिकवायचे तर थोडी शिस्त लागते. राजगडावर जाण्यासाठी घेतलेले जॅकेट म्हणजे ट्रेकिंगचे साहित्य. पळण्याचे बूट आणि घाम न धरणारा टी-शर्ट म्हणजे आरोग्य, मग पळणे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थांबलेले का असेना. ढोलताशा पथकाचा कुर्ता म्हणजे सामाजिक कार्य. आवडत्या आयपीएल संघाची जर्सी म्हणजे श्रद्धा. एवढे वगळले की खरोखरच दोन शर्ट उरतात. त्यातला एक सासरहून आलेला असतो.

पायरी २ : देवाधर्माचे देवाधर्मात

नवरात्रातल्या नऊ रंगांच्या साड्या हा कपडेखर्च नव्हे, उपासना आहे. रंगांची ही टूम मुंबईच्या एका मराठी दैनिकाने या शतकाच्या सुरुवातीला लोकप्रिय केली. तिला पुराणांचा आधार शोधत बसू नये, लेडीज डब्याचा आधार पुरेसा आहे. रंग वारावरून ठरतात : सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, शनिवारी राखाडी. सात वार दरवर्षी तेच असल्याने नवातले सात रंगही तेच येतात. अर्थात गेल्या वर्षीच्या साड्या यंदा चालायला हव्यात. पण गेल्या वर्षीचे फोटोही ग्रुपवर तसेच आहेत, आणि “ही मागच्या शनिवारचीच ना गं?” हे वाक्य उच्चारणारी एक मैत्रीण प्रत्येक ऑफिसात नेमलेली असते.

गुढीपाडव्यालाही हाच नियम. डोंबिवलीत १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि मग ती गावोगाव पसरली. शिवलेली नऊवारी, तयार फेटा, मुलाचे धोतर-उपरणे हे सर्व संस्कृती संवर्धनात लिहावे. संक्रांतीची काळी साडी ऋतुमानात.

पायरी ३ : देण्याघेण्याचे खाते

हे खाते सर्वात मोठे आणि सर्वात निरागस. साडीच्या दुकानात शिरल्याबरोबर विक्रेता विचारतो, “ताई, नेसायला दाखवू की द्यायला?” देण्याघेण्याच्या साड्यांचा गठ्ठा वेगळा असतो आणि तो साड्या घडीतच दाखवतो, पदर उलगडत नाही. ग्राहकही उलगडा म्हणत नाही. बोट आणि अंगठ्यात काठ धरून एकदा चोळायचा, पिशवीवरची किंमत पाहायची, “यातच चार वेगळे रंग द्या” म्हणायचे. त्या घडीवर आत्या, मावशी, जाऊबाई, वन्सं अशी नावे मनातल्या मनात लिहिली जातात. कोणाला कितीची, हे त्यांनी आपल्याला कितीची दिली होती यावरून ठरते आणि ते सर्वांना तोंडपाठ असते.

या साड्या नेसण्यासाठी नसतात. त्या मुंजीला निघतात, डोहाळजेवणाला पोहोचतात, वास्तुशांतीला पुढे सरकतात. ओटीतल्या ब्लाऊजपीसचे फिरणे तर त्याहून वेगवान. इतक्या घरांचा पाहुणचार घेऊनही तो शिंप्याकडे कधीच पोहोचत नाही. तो पोहोचला तर आखूड पडेल.

हिशेबात सूचना एवढीच की दिलेले नातेसंबंधात खर्ची घालावे आणि आलेले कोठेही लिहू नये. आलेली साडी कोणाकडून आली, याची चिठ्ठी मात्र घडीत ठेवावी. ती तिच्याच मूळ मालकिणीला परत गेली, तर जो खर्च होतो तो पैशांत मोजता येत नाही.

पायरी ४ : बचत हेच उत्पन्न

सवलतीची पावती आली की वाचलेली रक्कम ठळक अक्षरांत लिहावी. खर्च झालेली रक्कम मागच्या बाजूस लिहिली तरी चालते.

कराचाही येथे उपयोग होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के. पूर्वी ही वेस एक हजाराला होती. आता २,६०० चा कुर्ता घेतला तर कर ४६८ रुपये, २,४०० चा घेतला तर १२० रुपये. वाचले ३४८. दोन कुर्ते घेतले तर वाचले ६९६. तीन घेतले तर ओढणी फुकटात निघते. ही बेरीज नवऱ्याला वेगाने ऐकवावी, कागदावर दाखवू नये.

पायरी ५ : मोठ्या रकमेला मोठा भागाकार

महागडे वस्त्र खर्चात धरत नाहीत, ती गुंतवणूक असते. समजा, सेमी पैठणी १८,२५० रुपयांची घेतली. ती पन्नास वर्षे टिकेल असे धरावे. मग दिवसाला बरोबर एक रुपया पडतो. एका रुपयात आज कटिंग चहासुद्धा मिळत नाही, हे वाक्य भागाकारानंतर लगेच म्हणावे.

यावर घरातला एखादा चिकित्सक विचारेल की पन्नास वर्षांत ती नेसणार किती वेळा? पाचदा नेसली तर एका नेसण्याला ३,६५० रुपये पडतात. ही रीत गणिताने बरोबर असली तरी असभ्य आहे. पैठणी उरलेले दिवस मलमलच्या कापडात गुंडाळून कपाटात असते, आणि कपाट उघडल्यावर ती दिसते. पाहण्याचेही दिवस धरावेत.

याच न्यायाने घरातल्या गाऊनचा आणि थ्री-फोर्थचा दिवसाचा खर्च काही पैसे निघतो. वर्षातले निम्म्याहून अधिक तास अंगावर जे असते ते एवढ्या स्वस्तात पडते, ही अभिमानाची बाब आहे. तरीही दाराची बेल वाजली की माणूस आत पळतो.

पायरी ६ : किरकोळ

साडी घेतली म्हणजे साडी झाली, असे दुकानाबाहेरचे लोक मानतात. तिच्यामागून पिको-फॉल येतो, मॅचिंग सेंटरमधून परकर येतो, ब्लाऊजची शिलाई येते, अस्तराचे वेगळे, मागच्या नाडीच्या लटकनांचे वेगळे. हजाराच्या साडीवर हजाराचा ब्लाऊज ही आता सर्वसाधारण स्थिती आहे. त्यात लग्न चार दिवसांवर आलेले आणि “उद्या या” सांगणारे टेलर, म्हणजे रिक्षाचे तीन हेलपाटे. हे सारे ‘किरकोळ’ या रकान्यात भरावे. कितीही फुगला तरी या रकान्याचे नाव किरकोळच राहते, हीच त्याची सोय.

पायरी ७ : जमेची बाजू

ताळेबंद पुरा करण्यासाठी बोहारीण लागते. तिच्याशी व्यवहार दारातच करावा. ती पँट उजेडात धरते, गुडघ्यामागे बोट घालून पाहते, चेन वरखाली करते आणि काही न बोलता डावीकडच्या ढिगात टाकते. डावीकडचा ढीग म्हणजे बाद. आपण डब्याकडे पाहतो, ती चाळणीकडे हात नेते.

“अहो, ही साडी चांगली आठशेची होती!”

“होती ना वहिनी. अजून एक जरीची टाका, मग डबा देते.”

जरीची टाकली जाते. डबा आत येतो आणि संध्याकाळी कोणी विचारलेच तर सांगायचे की फुकट मिळाला. डब्याची बाजारातली किंमत वहीत जमा करावी. त्यासाठी दिलेल्या कपड्यांची मूळ किंमत आठवू नये. आठवलीच तर पायरी ५ मधला भागाकार करावा.

वार्षिक ताळेबंद (नमुना : पुणे, माणसे चार)

शिक्षण : ६,०००
नोकरी : ८,०००
आरोग्य व ट्रेकिंग : ७,०००
देवधर्म व संस्कृती : ९,५००
नातेसंबंध : १२,०००
गुंतवणूक : १८,२५०
किरकोळ : ५,५००
कपडे (रुमाल, एक डझन) : ३६०

या तक्त्याची बेरीज करायची नसते. कोणी केलीच, तर आपण वर्षभर कोणाकोणासाठी कपडे घेतले याची यादी निघते : शाळेसाठी, साहेबांसाठी, देवीसाठी, वन्संसाठी, ग्रुपवरच्या फोटोसाठी. शेवटचा रकाना तेवढा आपला.

पाहणीसाठी कोणी दारात आल्यास त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि याच रकान्यातला आकडा सांगावा. रुमालही कोणाच्या आहेरातून आले असतील, तर ‘निरंक’ असे लिहून खाली सही करावी.