वेंधळ्यांसाठी करपण्याची मार्गदर्शिका (हट्टा परिसर आवृत्ती)

पात्रता : उमेदवाराला एडीएचडी असावा आणि तो आहे हे त्याला ठाऊक नसावं. ठाऊक असल्यास शाळेत कुणाला सांगितलेलं नसावं. आपण पात्र आहोत की नाही, हे जुन्या प्रगतिपुस्तकात पाहावं. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' असा शेरा सापडला की निम्मं काम झालं. निदानाच्या नियमांत हीच गोष्ट लांबट भाषेत आहे : लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली असावी लागतात. म्हणजे हे दुखणं नोकरी लागल्यावर मोबाइलमुळे जडत नाही, सासरची मंडळी काहीही म्हणोत.

साहित्य : हट्ट्याच्या आसपासची एक जिल्हा परिषद शाळा (कोणती ते विचारू नका, मला तिथंच निवृत्त व्हायचंय), एक दुचाकी, नऊ व्हॉट्सअ‍ॅप गट आणि भरपूर हट्ट. गावाचं नावच तसं आहे, त्यामुळे शेवटच्या वस्तूची टंचाई पडत नाही.

पायरी पहिली. वेळेकडे पाहू नका. पाहून उपयोगही नाही. आपल्या पंचांगात दोनच तिथी असतात : 'अजून आहे वेळ' आणि 'मेलो'. दोहोंच्या मध्ये काही नसतं. अशा डोक्याला सरकारी निरोप फार मानवतो : 'अति तात्काळ. आजच दुपारी चारपर्यंत. माहिती निरंक असल्यास निरंक पाठवावी.' घबराट झाली की मेंदूला किल्ली बसते आणि महिनाभर न झालेलं काम पाऊण तासात उरकतं. वरून शाबासकी येते. ही किल्ली रोज पिळायची, निदान दहा वर्षं. मधे कुणी म्हणेल की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढं सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. त्याला हो म्हणा आणि मतदारयादी घेऊन घरोघर निघा. निवडणूक या शब्दाचं पोट मोठं आहे.

पायरी दुसरी. सोंग. माझ्या मते खरी मेहनत इथं आहे आणि नवशिके इथंच कमी पडतात. शिकवून माणूस एवढा थकत नाही. थकतो तो आपण इतरांसारखेच आहोत हे दाखवून. पोषण आहाराचा आकडा भरला का, हे तीनदा पाहायचं. चौथ्यांदा पाहायला उठायचं, आणि आपण का उठलो हे फळ्यापाशी पोचेपर्यंत विसरायचं. बैठकीत साहेब बोलत असताना मान बरोबर ठिकाणी हलवायची. त्या नादात ते काय म्हणाले ते निसटतं, मग शेजारच्या मॅडमना हळूच विचारायचं. किल्ली हरवली की 'घरी राहिली' म्हणायचं, कारण 'खिशात होती, आता नाही' हे चाळिशीच्या माणसाला शोभत नाही. दिवसभर अशी दोन माणसांची नोकरी करायची आणि पगार एकाचा घ्यायचा.

पायरी तिसरी. हळद. लक्ष लागत नाही हे अर्धसत्य आहे. लागलं की सुटत नाही. मला मासिक अहवाल द्यायचा होता आणि मी मुलांबरोबर हळदीचा तक्ता करायला बसलो. बेणं, लागवड, नऊ महिन्यांचं पीक, काढणी, कुकरमध्ये शिजवणं, वाळवणं, पॉलिश, वसमतचा बाजार. रात्रीचे दोन वाजले. तक्ता सुंदर झाला, पाहुण्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले, आणि अहवालाबद्दल माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला. त्या रात्री एक गोष्ट कळली : हळकुंड आधी शिजवतात, मग सुकवतात, मग ड्रममध्ये घालून घासतात, आणि तेव्हा कुठं ते चकचकीत दिसतं. पुरस्कार मिळालेले काही शिक्षक मला तेव्हापासून वेगळेच दिसतात.

पायरी चौथी. सापडत नाही. लिहिली होती, एवढं नक्की.

पायरी पाचवी. हो म्हणा. गॅदरिंगचं सूत्रसंचालन? हो. सगळ्यांचं ऑनलाइन काम? हो, सर. आदल्या महिन्याच्या विसराळूपणाची भरपाई या महिन्याच्या होकाराने करायची, हा आपला हिशेब. तो कधी जुळत नाही.

पायरी सहावी. करपल्याची, म्हणजे बर्नआउटची, परीक्षा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन खुणा नोंदवल्या : अंगातलं त्राण जाणं, कामाचा वीट येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. त्याचबरोबर हेही सांगितलं की हा आजार नव्हे, कामाच्या न आवरलेल्या ताणातून आलेली अवस्था आहे. दुसरीकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजलेत, त्यांत एडीएचडी नावानिशी नाही. तेव्हा रजेच्या अर्जावर 'खासगी काम' असंच लिहावं. माझी खूण साधी होती : ज्या वर्गात शिरल्यावर मला बरं वाटायचं, त्याच्या दाराशी मी एका सकाळी गाडी बंद न करता दहा मिनिटं बसून राहिलो.

खबरदारी. पुढील गोष्टी केल्यास करपण्यात खंड पडतो, म्हणून टाळाव्यात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं. (मी अडतिसाव्या वर्षी नांदेडला गेलो. लहानपणाबद्दल इतके प्रश्न विचारले की घरी येऊन आईला फोन लावावा लागला. आई म्हणाली, "तुझं चित्त थाऱ्यावर कधी होतं रे?") गोळी लिहून दिल्यास ती डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घेणं, हे तर फारच टाळावं, आणि पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही की 'पी हळद नि हो गोरी' होत नाही म्हणून सोडून द्यावं. तोंडी निरोपाऐवजी लेखी मागणं. मोठं काम तुकड्यांत तोडणं. एखादा सहकारी नुसता शेजारी वही तपासत बसला तरी आपलं काम होतं, हे ध्यानात आल्यास त्याला ताबडतोब दुसऱ्या वर्गात पाठवावं. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक कुठंही लिहून ठेवू नये. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.

ता. क. चौथी पायरी सापडली. हजेरीपत्रकात होती, चौथीच्या एका पोराच्या नावापुढे. त्याच्या प्रगतिपुस्तकात काय शेरा लिहावा म्हणून चिठ्ठी खोचली होती आणि तिच्याच मागे पायरी खरडली होती : 'कुणाला सांगू नका.' तेवढी गाळून वाचा. पोराचा शेरा मी अजून लिहिलेला नाही.