चिरंजीव लॅपटॉप बांधायला निघालेत

बर्लिन,
रविवार

ती. बाबा आणि ती. आईंना,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. पत्र मुद्दाम कागदावर लिहितेय, कारण घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही टाकलं की ते आधी तुमच्या चिरंजीवांना दिसतं, आणि हे त्यांच्या पाठीमागेच सांगायचंय.

बाबांच्या पंचाहत्तरीला आम्ही डिसेंबरात येतोय. भेट म्हणून लॅपटॉप द्यायचा, असं दोघांनी मिळून ठरवलं. इथवर सगळं सुरळीत होतं. मग चिरंजीव म्हणाले, "विकत कशाला? मीच बांधतो." त्या दिवसापासून आमचं जेवणाचं टेबल गेलं. आम्ही सोफ्यावर, ताट मांडीवर घेऊन जेवतो आणि टेबलावर स्क्रू जेवतात.

हे रक्तात कुठून आलं ते मी सांगायला नको. बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरातला पहिला कॉम्प्युटर जोडला, तो भलामोठा मॉनिटर ग्रँट रोड ते दादर आणि दादर ते डोंबिवली लोकलमधून मांडीवर आणला, आणि कॅबिनेटचं बाजूचं झाकण पुढे कधीच लावलं नाही कारण "परत उघडायचंच आहे", ही कथा लग्न झाल्यापासून मी सत्यनारायणाच्या पोथीइतक्या भक्तिभावाने ऐकत आलेय. ब्रँडेड घेतात ते एकतर श्रीमंत नाहीतर आळशी, हा तुमचा सिद्धान्तही मला पाठ आहे.

पण बाबा, तुम्ही तो कॉम्प्युटर जोडू शकलात ते तुमच्या हुशारीइतकंच एका ठरलेल्या मापामुळे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचं माप आणलं. मदरबोर्डाला भोकं कुठे, एसएमपीएसची वायर कुठे लागणार, मागची तोंडं कुठून बाहेर येणार, सगळं ठरलेलं. म्हणून एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटात मुकाट बसायचा. लॅपटॉपच्या बाबतीत असं एक माप कधी रुजलंच नाही. प्रत्येक मॉडेलचा बोर्ड त्याच्याच खोक्याच्या आकारात कापलेला, पंखा वेगळा, बिजागऱ्या वेगळ्या, स्क्रीनची केबलसुद्धा वेगळी. पूर्वी पुष्कळ लॅपटॉपांत निदान प्रोसेसर सॉकेटमधून निघायचा. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून तोही बोर्डावर सोल्डर करून टाकला. पातळ लॅपटॉपांत तर रॅमही चिकटलेली. मग बांधायचं काय उरलं? मी हा प्रश्न विचारला आणि मला अर्धा तास उत्तर मिळालं.

उत्तराचं नाव फ्रेमवर्क. नीरव पटेल नावाच्या माणसाने २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोत ही कंपनी काढली आणि २०२१ मध्ये पहिला लॅपटॉप आणला. तो तयारही मिळतो आणि 'स्वतः जोडा' म्हणूनही मिळतो. आमच्या मराठी मंडळातल्या एकाने तो जोडायचा मागवला आणि जोडणीचा समारंभच ठेवला. मी भजी तळायला म्हणून गेले होते, त्यामुळे सगळं ओट्यापाशी उभी राहून पाहिलं.

टेबलाभोवती इंजिनिअर मंडळी दाटीवाटीने बसलेली. एकाने मनगटाला स्थिर विजेपासून वाचवणारा पट्टा बांधलेला, आणि त्या पट्ट्याची वायर कशाला जोडायची यावरून वाद. खोक्यातून स्क्रू ड्रायव्हर निघाला, त्याचं कौतुक झालं. तळाचे पाच स्क्रू सैल केले (ते बाहेर पडतच नाहीत, तिथेच लटकून राहतात, ही सोय मात्र झकास), लॅपटॉप सरळ करून कळफलकाची पाटी उचलली. आत प्रत्येक भागावर नाव आणि क्यूआर कोड. रॅमची पट्टी तिरकी घालून दाबली, टक्. एसएसडी सरकवून एक स्क्रू. स्क्रीनभोवतीची चौकट चुंबकाने आपोआप चिकटली. झालं! माझा पहिला घाणा अजून कढईत होता. मंडळींचे चेहरे पडले. मग एकाने सुचवलं की आतली हवा नीट खेळते का ते बघू, आणि भजी होईपर्यंत सगळं पुन्हा उघडून पुन्हा जोडलं. घरी येताना चिरंजीव ट्रेनमध्ये म्हणतात, "बघितलंस? स्वतःच्या हाताने!" मी म्हटलं, पाकिटातल्या इडली मिक्समध्ये पाणी घातलं तर मीही इडल्या स्वतःच्या हातानेच केल्या म्हणायचं का? पुढची दोन स्टेशनं शांतता होती.

तेवढ्यावर भागलं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. इथे बर्लिनमध्येच एमएनटी नावाची छोटी कंपनी आहे, ती रिफॉर्म नावाचा लॅपटॉप काढते आणि त्याचे सगळे आराखडे लोकांना खुले ठेवते. तो सुट्या भागांतही मिळतो. जाड, ठसठशीत, कर्सर फिरवायला ट्रॅकबॉल, आणि बॅटरी म्हणून टॉर्चसारखे गोल सेल, चांगले आठ. तळ पारदर्शक, म्हणजे आतलं सगळं दिसतं. वस्तू म्हणून मलाही ती आवडली, खोटं कशाला बोलू. पण त्याचा प्रोसेसर फोन-टॅबलेटांच्या जातीचा, त्यावर लिनक्स चालवायचं, आणि बाबांनी त्यावर काय करायचं? सोसायटीचे हिशेब, पंचांग, नातीशी व्हिडिओ कॉल आणि बुद्धिबळ.

कळफलकाचा किस्सा तर ऐकाच. फ्रेमवर्कवाले अक्षरं न छापलेला कोरा कळफलकही देतात. चिरंजीवांना तो बाबांसाठी घ्यायचाय. का? तर "बाबांनी तरुणपणी टायपिंगची परीक्षा दिलीय, त्यांना बघावं लागत नाही." आईंना रेल्वेचं तिकीट काढायचं असेल तर त्यांनी काय करायचं, याचा विचार झालेला नाही.

शिवाय विमानतळ. प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो. पण तोच लॅपटॉप पंधरा पिशव्यांत सुटा असेल तर कस्टमवाले त्याला लॅपटॉप म्हणतील का, यावर रात्री दीड वाजेपर्यंत संशोधन चाललं होतं. मी मात्र आत्तापासून डोळ्यांसमोर बघतेय: पहाटे तीन वाजता, मुंबईत, वायरी आणि सेल भरलेला डबा उघडून चिरंजीव अधिकाऱ्याला एटीएक्सचा इतिहास सांगतायत आणि मी दोन बॅगा आणि झोपलेली मुलगी घेऊन उभी आहे.

तर आता मुद्द्याचं. बाबांकडे आहे तो थिंकपॅड टी-४८० चांगला आहे. तो २०१८ सालचा आहे आणि उघडायला सोपा. तो हळू चालतो कारण आत अजून फिरणारी हार्ड डिस्क आहे आणि रॅम ८ जीबी, तीही एकाच पट्टीत. दुसरा स्लॉट रिकामा आहे. आमच्या येण्याआधी एवढं करून घ्या:

स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या मुलाकडे न्या, लॅमिंग्टन रोडला स्वतः जाऊ नका. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, आणि डीडीआर-४ ची ८ जीबीची आणखी एक पट्टी. सध्या एआयच्या सर्व्हरांपायी रॅम महाग झालीय, तेव्हा दुसऱ्या लॅपटॉपातून काढलेली जुनी मिळाली तरी घ्या. रॅम जुनी चालते, एसएसडी मात्र नवीच घ्या. उघडण्याआधी बायॉसमध्ये जाऊन आतली बॅटरी बंद करायला सांगा. त्यात दोन बॅटऱ्या आहेत, मागची काढली म्हणजे करंट गेला असं समजतात. झाकणाच्या खिट्ट्या सोडवायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड द्या, नाहीतर तो मुलगा स्क्रू ड्रायव्हर खुपसेल. प्रोसेसरचं नाव आय-५ नंतर ८ ने सुरू होत असेल तर विंडोज ११ चालतं. काही टी-४८० सातव्या पिढीचे आहेत, त्यांना चालत नाही. तसं असेल तर मला फोन करा, ग्रुपवर लिहू नका. विंडोज १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्येच संपलाय. जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवून घ्या आणि जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून कपाटात ठेवा, बारशाचे फोटो तिच्यातच आहेत.

चिरंजीवांची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल सून एकतर्फी बोलते. फ्रेमवर्कची खरी गंमत जोडण्यात नाही, पुढे चार-पाच वर्षांनी आहे: त्याच खोक्यात नवा बोर्ड बसतो, स्क्रीन आणि कळफलक तेच राहतात. २०२१ च्या खोक्यांत पुढच्या वर्षांचे बोर्ड बसलेत, हे खरं आहे. मुलगी कॉलेजला जाईल तेव्हा मीच तो घेईन. पण ज्याचा जुना थिंकपॅड कुरकुरत का होईना चालतोय, त्याला तो कशाला? परवा चिरंजीव म्हणाले, १८ फेब्रुवारी २०२७ पासून युरोपात बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम येतोय, म्हणजे अख्खा युरोप माझ्या बाजूचा. मी म्हटलं, बाबांच्या लॅपटॉपची मागची बॅटरी खटका सरकवला की निघते, विकत घेतल्या दिवसापासून. त्यांनी विषय बदलून कोबीच्या भाजीत मीठ जास्त झाल्याचं काढलं.

आईंच्या गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर? तेल लावणं चालू ठेवा. येताना काय आणू ते कळवा. चॉकलेटं सोडून, ती येतातच.

तुमची,
सूनबाई

ता. क. लॅपटॉप वेगाने चालताना दिसला की चिरंजीवांना वाईट वाटेल आणि हाताला काम नसेल. आईंचा मिक्सर बंद पडलाय म्हणालात ना, तो कृपा करून आमच्या येण्याआधी दुरुस्त करू नका.