बर्फाचं बटण

बोरिवलीत थंडी म्हणजे जानेवारीतले दोन दिवस आणि त्यात वॉचमनची माकडटोपी. तरी आमच्या सोसायटीतल्या नानांच्या गाडीत बर्फाचं बटण आहे.

गाडी मस्टँग. २०१६ साली ती उजव्या हाताचं स्टिअरिंग घेऊन रीतसर भारतात आली. नानांकडे आली ती दुसऱ्या हाताने. एका बटणावर तिचा स्वभाव बदलतो: साधा, चपळ, शर्यतीचा आणि ‘स्नो/वेट’. पहिले तीन नाना वापरत नाहीत. जून लागला की चौथा. त्यातला ‘वेट’ ते गिळतात. “आज स्नोवर टाकूनच निघालो,” असं लिफ्टमध्ये सांगतात.

असा नाना मुलुंडलाही असतो. घाटकोपरचा पिवळ्या गाडीत असतो. अंधेरीतला वयाने तरुण असतो आणि हप्त्यांवर असतो.

“इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. मागे वजनच नाही! निसरड्यावर पाय जरा जास्त पडला की शेपूट फिरलीच.” हे सांगताना नानांचा पंजा असा गर्रकन फिरतो की समोरच्याने चहाचा कप आधीच बाजूला घ्यावा. बोलणं मात्र खोटं नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं आणि हायवेवर भलेभले बाइकवाले आडवे होतात.

कॅनडातल्या भाच्याने कळवलं, तिकडे अशा गाड्यांच्या डिकीत हिवाळ्यात वाळूच्या गोण्या टाकतात. वाळू नानांना शोभेना. त्यांनी पंचवीस किलो कोलम टाकला.

एवढ्या तयारीनिशी, चारशेच्या आसपास अश्वशक्ती घेऊन, नाना वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ताशी बाराने सरकतात. सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक तिरका ओलांडतात. वॉचमन खाली वाकून पोट घासतंय का ते बघतो आणि सुईणीसारखा “येऊ द्या, येऊ द्या” म्हणतो.

अंधेरी सबवेचं नाव काढलं की नाना २६ जुलैवर जातात. “२००५ साली सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. एक इंच पावसाचं साधारण दहा इंच बर्फ होतं. म्हणजे साडेनऊ मीटर! तुमचा तिसरा मजला गेला असता.” स्वतः ते चौथ्यावर राहतात.

परवा एस. व्ही. रोडला सिग्नलवर मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. धो धो पाऊस. बाजूच्या रिक्षावाल्याने वाकून आत बघितलं.

“काका, मागच्या चाकावर चालते ना?”

नाना खुलले. “हो! तुला कसं कळलं?”

“आपली पण तशीच. इंजिनही मागेच, म्हणून वजन बरोबर चाकावर बसतं. घसरत नाही.” सिग्नल सुटला, रिक्षा दोन बसच्या फटीतून गेली. नानांनी बटण तपासलं. स्नोवरच होतं. मग घरापर्यंत ते बोलले नाहीत.

संध्याकाळी काकूंनी मला पिशवी देऊन खाली पाठवलं. इडलीला तांदूळ हवे होते. नानांनी डिकी उघडली, आकाशाकडे बघितलं.

“दोन किलोच घे,” ते म्हणाले. “उद्या दहिसरला जायचंय.”