तुपाची वाटी आणि पार्किंग

देवांना वाहने आहेत, संतांना नाहीत. गणपतीचा उंदीर, शंकराचा नंदी, देवीचा वाघ ही सगळी मंडळी कायम ड्यूटीवर. संतांच्या गोष्टींत भेटणारी जनावरे मात्र फारशी मानाची नाहीत. एक चोरटे कुत्रे, एक तहानलेले गाढव, एक पखाल वाहणारा रेडा.

ठाण्याच्या नौपाड्यात हा भेद रोज दिसतो, कारण इथे वाहनांना तोटा नाही आणि त्यांच्या सावलीत झोपणाऱ्या कुत्र्यांनाही. गोखले रोडवर दुपारी साडीच्या दुकानाचे काचेचे दार उघडले की आतल्या एसीची झुळूक बाहेर येते. पायरीशी पसरलेला भुऱ्या तेवढ्यासाठी नाक दाराकडे करून झोपतो. दुकानदार त्याला हाकलतो, पण गिऱ्हाईक असेल तेव्हाच. सवड असली की दार जरा जास्त वेळ उघडे राहते.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. चोरी पोटात घालणे एक वेळ जमेल. नामदेवांची काळजी त्याच्या पुढची होती: कोरडी पोळी याच्या घशाखाली उतरायची कशी? या काळजीत तत्त्वज्ञान थोडे आणि स्वयंपाकघर जास्त आहे. ‘नको, नको’ म्हणत पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून तूप वाढणाऱ्या घरोघरच्या आयांची ही जात. नामदेवांनी फक्त पंगतीत एक पान वाढवले. कीव आली की माणूस तुकडा टाकतो. आग्रह करायला मात्र समोरच्याला पाहुणा मानावे लागते.

एकनाथांनी तर काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाटेतल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. बरोबरची मंडळी हळहळली. त्यांना हसू नये. इतकी पायपीट करून आणलेले पाणी आपल्या डोळ्यांदेखत गाढव पिते आहे, हे बघायला छाती लागते. आपण तर कुंड्यांना घालून उरलेले पाणी पक्ष्यांच्या वाटीत ओततो आणि त्याचा फोटो काढतो.

पैठणच्या रेड्याच्या बाबतीत आपण फारच नौपाडकर निघालो. महिपतींनी 1762 मध्ये ‘भक्तविजय’ पुरा केला आणि संतांच्या कथा घरोघर गेल्या. त्यातून रेड्याने वेद म्हटले, हे आपण पक्के लक्षात ठेवले. रेडा असला म्हणून काय झाले, पाठांतर हवे! पण रेड्याला आसूड बसला आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले, असेही सांगतात. चमत्कार मला तिथे जास्त वाटतो. जुन्नर तालुक्यात आळे येथे त्या रेड्याची समाधी आहे. वेद न म्हणता नुसते आसूड खाल्ले असते, तर कदाचित ती बांधली गेली नसती.

गाडगेबाबांनी चमत्काराची भानगडच ठेवली नाही. जत्रेत जाऊन ते हातात खराटा घेत आणि कीर्तनातून बळीची प्रथा झोडपून काढत. त्यांच्या दहा कलमी संदेशात भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याच रांगेत मुक्या जनावरांना अभय आहे. यादी एकच, माणसांची वेगळी नाही.

आमच्या शेजारच्या काकूंची इमारत पुनर्विकासाला गेली. भाडेकरूंना भाडे मिळाले, सामान हलवायला पैसे मिळाले. जिन्याखालच्या चार मांजरांचे नाव करारात नव्हते. काकू घोडबंदर रोडला राहायला गेल्या आणि रोज संध्याकाळी दहीभाताचा डबा घेऊन बसने नौपाड्यात येऊ लागल्या. वाढताना तोंडाचा पट्टा चालूच. “मेल्यांनो, तुमच्यापायी माझे गुडघे गेले. आणि तू गं, कालचा का टाकलास?” दयेचा सूर इतका खाष्ट असू शकतो, हे कीर्तनात कुणी सांगत नाही.

शेवटी विषय आमच्याच सोसायटीच्या सभेत आला, कारण मांजरांनी स्थलांतर आमच्याकडे केले होते. सेक्रेटरींनी 2023 चा केंद्राचा नियम वाचून दाखवला: भटक्या जनावरांना खाऊ घालण्यासाठी सोसायटीने जागा ठरवून द्यावी. पार्किंगच्या विषयाने आधीच रात्रीचे साडेदहा वाजवले होते. हा विषय मात्र पाच मिनिटांत आटोपला, कारण पंपाच्या खोलीमागे एक कोपरा असा होता की तिथे स्कूटरसुद्धा लागत नाही. एकमताने मंजूर. एकनाथांनी कावड दिली, आम्ही गाडी न मावणारा कोपरा दिला. सुरुवात म्हणून वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंना ही बातमी कौतुकाने सांगितली. त्यांनी आभार वगैरे मानले नाहीत. विचारले, “तिकडे दुपारचं ऊन येतं का रे? भात वाळतो लगेच.”